पावती माझ्यापाशी आहे

माझ्या लिहिण्याच्या मेजाच्या डाव्या खणात, घरफाळ्याच्या पावत्या, विजेची बिले आणि वडिलांच्या निवृत्तिवेतनाचे जुने कागद यांच्या थप्पीखाली, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची एक पावती मी गेली बारा वर्षे जपून ठेवली आहे. तिच्या कडा पिवळ्या पडल्या आहेत, कार्बनची निळी अक्षरे फिकी झाली आहेत; परंतु ‘मराठी वेताळकथा, संपूर्ण संच, आगाऊ नोंदणी’ एवढे शब्द आणि त्यांच्याखालची सही अजून स्पष्ट वाचता येते. कोल्हापुरात राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावरील ज्या पुस्तकविक्रेत्याकडे मी विद्यार्थिदशेपासून जात आलो, त्याच्याच दुकानात ही पावती फाडली गेली. मूल्याची निम्मी रक्कम इसारादाखल घ्यावयाची, उरलेली संच हाती पडताच द्यावयाची, आणि संच सहा महिन्यांच्या मुदतीत यावयाचा, असा तो करार होता. संच अद्याप आलेला नाही.

पहिल्या वर्षी मी दर पंधरवड्याला दुकानात जाऊन चौकशी करीत असे. “अण्णा, काही कळलं काय?” एवढेच मी विचारावे आणि अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवून “छपाईला गेलंय म्हणतात, सर,” असे सांगावे. पुढे छपाईचे कागदावर आले, कागदाचे हक्कांवर गेले, आणि मग एके दिवशी अण्णा म्हणाले, “फोनच उचलत न्हाईत हो.” त्यानंतर मी फक्त दिवाळीला विचारू लागलो, आणि गेली चार वर्षे तर मी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. ज्यांचा यात तिळमात्र दोष नाही असे दोन वृद्ध गृहस्थ एकमेकांसमोर संकोचाने उभे राहतात आणि पावसापाण्याचे बोलून निरोप घेतात. हा संच जाहीर करणाऱ्या प्रकाशकाचे नाव मी येथे घेत नाही. माझी तक्रार एका व्यक्तीविरुद्ध नसून एका वहिवाटीविरुद्ध आहे, आणि त्या वहिवाटीने माझे जे नुकसान केले ते इसाराच्या रकमेहून फार मोठे आहे.

नुकसान कोणते ते सांगण्यापूर्वी, ज्यांनी ही पुस्तके कधी पाहिली नाहीत अशा तरुण वाचकांसाठी थोडा पूर्वेतिहास सांगणे अगत्याचे आहे. १९६४ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनसंस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू केली. पहिल्या अंकाची किंमत साठ पैसे होती, आणि त्याचा नायक होता ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला मुखवटाधारी वनरक्षक, फँटम. पुढे त्याच लेखकाचा जादूगार मँड्रेक आला, अंतराळात संचार करणारा फ्लॅश गॉर्डन आला, आणि १९७६ साली आबिद सुरती यांनी कल्पिलेला व गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला बहादूर हा अस्सल भारतीय नायक, भगवा कुडता आणि जीनची विजार घालून चंबळच्या दरोडेखोरांशी झुंजण्यास सिद्ध झाला. ही माला इंग्रजीबरोबर अनेक भारतीय भाषांत निघत असे आणि मराठी ही त्यांतील एक होती. १९९० साली ती बंद पडली, तोवर तिचे सुमारे आठशे अंक प्रसिद्ध झाले होते.

मराठीत फँटमचा वेताळ झाला. हे नाव ज्या कोणा भाषांतरकाराला प्रथम सुचले त्याच्या प्रतिभेला मी आजही वंदन करतो. कारण मूळ नावाचा कोशगत अर्थ घेऊन त्याने ‘भूत’ किंवा ‘छाया’ असे काही केले असते तर ते बरोबर ठरले असते, परंतु निर्जीव राहिले असते. वेताळ हा आमच्या ओळखीचा होता. शिवाजी पेठेत वेताळमाळ आहे आणि त्या नावाची तालीम आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीला वेतोबाचे देऊळ आहे, आणि तो रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो व फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात या श्रद्धेने लोक त्याला आजही चामड्याचे मोठमोठे जोड वाहतात. अरण्यात राहणारा, दुष्टांना धाक आणि दुर्बळांना अभय देणारा, पिढ्यान्‌पिढ्या मरणच नाही असा लोकांचा समज असलेला, आपल्या हद्दीत रात्री संचार करणारा पुरुष म्हणजे कोण, हे कोल्हापूरच्या आठ वर्षांच्या मुलाला समजावून सांगावे लागलेच नाही. परक्या देशातील एका वृत्तपत्रकथेला आमच्या दैवतमंडळात अशी जागा मिळाली, ती एका शब्दाच्या निवडीमुळे.

साठीचे दशक संपत आले तेव्हा राजारामपुरीतील एका गल्लीच्या तोंडाशी एक गृहस्थ लाकडी कपाट उघडून बसत आणि ही पुस्तके दिवसाला पाच पैसे भाड्याने देत. नवा अंक सुतळीवर मधोमध उलगडून टांगलेला असे. गोविंद यांनी रंगवलेले त्याचे मुखपृष्ठ कोपऱ्यावरून दिसले की पाय आपोआप वेगाने पडत. आमच्या वसाहतीतील गल्ल्यांना क्रमांक आहेत, पहिली, दुसरी, तिसरी असे, आणि सहावी ओलांडली की सातवी येणारच हा विश्वास येथे वाढलेल्या मुलाच्या अंगी आपसूक भिनलेला असतो. त्यामुळे अंकांवर छापलेल्या क्रमांकांकडेही आम्ही त्याच विश्वासाने पाहत होतो. एखादा मधला अंक हुकला म्हणजे तो कोणाकडे आहे याचा शोध सुरू होई, आणि तो शोध टाकाळ्यापासून शाहूपुरीपर्यंत जाऊन पोचे. मी स्वतः अंक विकत घेऊ लागलो तो महाविद्यालयात शिकवणीचे पैसे मिळू लागल्यावर. नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली, तरी पलंगाखालची पत्र्याची पेटी वाढतच राहिली, आणि एकाची अखेरीस दोन पेट्या झाल्या.

त्या पुस्तकांतील मराठीविषयी मला विशेष सांगावयाचे आहे, कारण माझ्या प्रतीक्षेचे मूळ तेथे आहे. इंग्रजी संवादासाठी आखलेल्या चिमुकल्या फुग्यात मराठी वाक्य बसवणे हे सोपे काम नव्हे. इंग्रजीत एका अक्षरात भागणारा शब्द आमच्याकडे चार अक्षरे मागतो, वर मात्रा आणि खाली उकार लागतो तो निराळाच; आणि फुगा तर तसूभरही वाढवता येत नाही. या सक्तीतून जी मराठी घडली ती आखूड, वेगवान, क्रियापदावर नेमकी थांबणारी मराठी होती. शाळेच्या क्रमिक पुस्तकातील लांबलचक वाक्यांबरोबर ही दुसरी मराठी मी शिकलो, आणि पुढे तीस वर्षे वर्गात मुलांना भाषा शिकवताना, थोडक्यात कसे सांगावे याचा पहिला धडा मला कोठे मिळाला हे मी कधी विसरलो नाही. ज्यांनी हे काम केले त्यांची नावे वाचकांच्या ओठांवर कधी आली नाहीत. त्यांची वाक्ये मात्र आमच्या पिढीतील असंख्य लोकांच्या बोलण्यात अद्याप वावरत आहेत.

मला अनेक सुहृद सांगतात की वेताळाच्या मूळ वृत्तपत्रकथांचे संपूर्ण इंग्रजी खंड अमेरिकेत निघाले आहेत, ते मागवा आणि या प्रतीक्षेतून मोकळे व्हा. त्यांचा हेतू चांगला आहे, परंतु ते खंड म्हणजे आमची पुस्तके नव्हेत. भारतीय आवृत्तीने मूळ कथेत हेतुपुरस्सर फेरफार केले होते: वेताळाच्या देशाचे बंगाला हे नाव बदलून डेंकाली केले गेले, आणि त्याच्या कुळाचे हाडवैरी जे समुद्री चाचे, त्यांच्या टोळीचे सिंग हे नाव येथील वाचकाला खुपू नये म्हणून ‘सिंगा’ झाले. चित्रचौकटींची मांडणी बदलली, मुखपृष्ठे तर सर्वस्वी येथे रंगवली गेली, आणि त्यावर मराठी संवादांचा साज चढला. इतके संस्कार झालेली कृती ही मूळ कृतीची नक्कल राहत नाही. ती नष्ट झाली तर अमेरिकेतील कोणताही खंड ती परत आणून देऊ शकणार नाही, कारण ती अमेरिकेत कधी नव्हतीच.

आता नुकसानाकडे येतो. संच जाहीर झाला, मी पावती फाडून घेतली, आणि त्याच वर्षी घराची रंगसफेदी निघाली. दोन्ही पेट्या अंगणात आल्या. कागद तपकिरी झाला होता, मधल्या पिना गंजून त्यांचे डाग पानांवर उतरले होते, काही अंकांना वाळवीने कोपऱ्यावरून खाल्ले होते. घरच्यांनी विचारले, आणि रास्त विचारले, की आता हे सगळे नव्याने, चांगल्या कागदावर, एकत्र बांधलेले येणारच आहे तर ही जीर्ण रद्दी कशासाठी सांभाळायची? मी थोडा वेळ विचार केला आणि होकार दिला. रद्दीवाल्याने तराजू लावला, किलोच्या भावाने पैसे मोजले, आणि दोन्ही पेट्यांतील ऐवज हातगाडीवरून निघून गेला. पुठ्ठ्याच्या एका खोक्यात वेगळे पडलेले एकेचाळीस अंक तेवढे नजरचुकीने राहिले. त्या दिवशी मला दुःख झाले नाही, कारण माझ्या खिशात पावती होती.

न आलेल्या पुस्तकाने वाचकाला पुस्तकावाचून ठेवले, एवढ्यावर ही गोष्ट थांबत असती तर मी वर्तमानपत्राची जागा अडवली नसती. परंतु येणार म्हणून जाहीर झालेले पुस्तक, येण्यापूर्वीच, जुन्या पुस्तकाचा घात करते. संचाची घोषणा ऐकून पेट्या रिकाम्या करणारा मी एकटा नाही. माझ्या परिचयातील दोघांनी तेच केले, आणि प्रत्येक गावात असे दोघे-तिघे असतील तर एका घोषणेने किती अंक भट्टीत गेले याचा अंदाज वाचकांनीच करावा.

हा अनुभव केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतील मोठमोठ्या ग्रंथालयांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फायली मायक्रोफिल्मवर उतरवून घेतल्या आणि आता फिल्म आहे म्हणून मूळ कागद काढून टाकण्याचा सपाटा लावला. फिल्म काळीपांढरी होती, आणि रविवारच्या पुरवण्यांतील रंगीत चित्रकथांचे रंग तिच्यात उतरलेच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या एका वाचकाला या अनर्थाची जाणीव झाली. ग्रंथालये खाजगी व्यक्तीला फायली देत ना, म्हणून साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने चित्रकथांच्या अभ्यासाची एक संस्था नोंदवली, आणि तीस वर्षे तो देशभरातून टाकाऊ फायली आपल्या राहत्या घरात आणून भरत राहिला. १९९७ च्या सुमारास त्याचा संग्रह ओहायो राज्य विद्यापीठाने घेतला तेव्हा त्याचे वजन सुमारे पंचाहत्तर टन भरले आणि तो वाहून नेण्यास सहा अजस्र मालमोटारी लागल्या. आज जगात जुन्या अमेरिकन चित्रकथांचे जे देखणे संच निघतात, त्यांतील कित्येकांचा आधार या एका माणसाने रद्दीतून वाचवलेला कागद आहे.

मला प्रकाशकांची बाजू ठाऊक नाही असे नव्हे, आणि ती न मांडणे अन्यायाचे होईल. अशा संचाचे काम नव्या कादंबरीच्या कामाहून कितीतरी बिकट असते. चित्रांचे हक्क अमेरिकेतील किंग फीचर्स या संस्थेकडे, मराठी पाठ येथील मालेचा, मुखपृष्ठ रंगवणारा चित्रकार आणखी वेगळा. यांतील एक दुवा निखळला की सारी साखळी थांबते. हक्क मिळाले तरी छापायचे कशावरून हा प्रश्न उरतोच, आणि मग संग्राहकांच्या दारोदार हिंडून एकेक स्वच्छ अंक मिळवावा लागतो. हक्कांच्या गुंत्यामुळे इंग्रजीतील ‘मिरॅकलमॅन’ ही नावाजलेली चित्रकथा १९९३ साली चोविसाव्या अंकानंतर अर्ध्यावर थांबली. पुढे मार्व्हल या बलाढ्य संस्थेने मूळ पात्राचे हक्क घेतल्याचे २००९ साली जाहीर केले, आणि तरीही कथेचा थांबलेला धागा पुढे चालू होण्यास २०२२ साल उजाडावे लागले. जेथे पैशाची आणि वकिलांची वाण नाही तेथे ही स्थिती, तर मराठीतील एखाद्या प्रकाशकाला अडचणी आल्या यात नवल नाही.

दिरंगाईला मी क्षमा करू शकतो. मराठी वाचकाइतका सोशीक वाचक क्वचितच असेल. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला आणि विसावा २०१५ साली, आणि त्या चाळीस वर्षांत ज्यांनी घरातील फडताळावर पुढच्या खंडांसाठी जागा राखून ठेवली अशी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना निदान एवढे कळत होते की काम चालू आहे. आम्हाला काहीच कळत नाही. माझे म्हणणे असे की ज्याने पुस्तक जाहीर केले आणि इसार घेतला, त्याच्यावर पुस्तक देण्याचे ऋण तर आहेच, परंतु ते देणे अशक्य झाले तर ‘हे पुस्तक निघणार नाही’ असे स्पष्ट शब्दांत सांगण्याचे ऋण त्याहून मोठे आहे. वाचकाला नकार ऐकण्याचा हक्क आहे. रक्कम परत न मिळाली तरी एक वेळ चालेल. परंतु नकार वेळेवर कळला असता तर माझ्या दोन पेट्या अंगणातून परत पलंगाखाली गेल्या असत्या.

शिवाय प्रकाशकाच्या मौनाने दुसऱ्यांचेही हात बांधले जातात. एकाने संच जाहीर केला आहे म्हटल्यावर, हक्क त्याच्याकडेच असतील या समजुतीने दुसरा प्रकाशक त्या वाटेला जात नाही. वास्तविक आपल्या कायद्यात अशा प्रसंगासाठी वाट ठेवलेली आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या बत्तिसाव्या कलमानुसार, एखाद्या कृतीचे भाषांतर पहिल्या प्रकाशनापासून सात वर्षांत त्या भाषेत निघाले नसेल, किंवा निघून ते दुर्मीळ झाले असेल, तर इच्छुकाला हक्कदाराकडे परवानगी मागून, ती नाकारली गेल्यास वा हक्कदाराचा ठावठिकाणा न लागल्यास, योग्य तो मोबदला देण्याच्या अटीवर भाषांतर छापण्याच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. चित्रप्रधान कृतींसाठी अटी अधिक कडक आहेत हे खरे, आणि मी कायदेपंडित नाही. परंतु दार किलकिले आहे, आणि कोणी ते ठोठावले तर निदान जाबसाल तरी होईल. जो प्रकाशक काहीच बोलत नाही तो त्या दारासमोर खुर्ची टाकून बसलेला असतो.

इतर भाषांकडे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते, आणि थोडी उमेदही येते. बंगालमध्ये नारायण देबनाथ यांनी १९६२ पासून हांदा-भोंदा, आणि पुढे बांटुल व नोन्टे-फोन्टे या चित्रमालिका पन्नासाहून अधिक वर्षे काढल्या. त्यांच्या हयातीतच त्यांचे ‘कॉमिक्स समग्र’ खंडाखंडांनी निघू लागले, आणि २०२१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांना पद्मश्री मिळाली. तमिळनाडूत, फटाके बनवणाऱ्या आणि दिनदर्शिका छापणाऱ्या शिवकाशीसारख्या गावातून १९७२ साली सुरू झालेली मुत्तू कॉमिक्स ही माला, तिच्या पाठोपाठ निघालेल्या लायन कॉमिक्ससह, आजही वाचकांकडून आगाऊ वर्गणी घेते आणि जुन्या कथा नव्याने छापते. तेथेही वर्गणी आगाऊच असते. फरक एवढाच की पुस्तक येते.

आणि आपल्याकडे चित्रकारांची उणीव होती असे कोणी म्हणू नये. अमर चित्रकथेची पाने उघडून पाहावीत. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ही सारी मराठी माणसे. सुपंडीचा चेहरा वाईरकरांनी घडवला, महाभारताचे बेचाळीस अंक कदमांनी रेखाटले. देशातील कोट्यवधी मुलांच्या डोळ्यांसमोर राम, कृष्ण आणि अर्जुन ज्या रूपात उभे राहतात ते रूप बव्हंशी मराठी हातांनी दिले आहे. त्या हातांचा समग्र परिचय करून देणारा एक भारदस्त मराठी ग्रंथ प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात असावयास हवा होता.

कोल्हापूरने या बाबतीत तरी इतरांहून अधिक सावध असावयास हवे, कारण आपल्या डोळ्यांदेखत काय हरपू शकते हे या शहराला फार पूर्वी कळले आहे. बाबूराव पेंटर यांनी येथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, आणि त्यानंतर एकामागून एक मूकपट या नगरीत निर्माण केले. त्यांतील बहुतेक सर्व आज अस्तित्वात नाहीत. ज्या वेळी ते पट डब्यांतून सडत किंवा जळत होते त्या वेळी, ते सांभाळावयाचे असतात, हेच कोणाच्या ध्यानी नव्हते. चित्रपटासाठी पुण्यास राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे इंद्रजालचा पहिला अंक निघाला त्याच वर्षी, आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने पुढे त्या संस्थेला आयुष्य वाहिले म्हणून थोडे तरी वाचले. साठ पैशांच्या पुस्तकाचा असा कोणी वाली झाला नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे व अन्य तीन ग्रंथालयांकडे जावयाची असते, त्यांत एक मुंबईस आहे. परंतु कायद्याने दप्तरी पोचलेली प्रत आणि वाचकाच्या हाताला लागणारी प्रत यांत पुष्कळ अंतर असते.

कागद तर वाट पाहत नाही. ही पुस्तके ज्या स्वस्त, लाकडाच्या लगद्याच्या कागदावर छापली गेली, तो कागद स्वतःतच आम्ल घेऊन जन्मतो. उजेड लागला की पिवळा पडतो, पुढे तपकिरी होतो, आणि घडीवर बोट ठेवताच तुटतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यातील दमटपणा पिना गंजवतो. आणि पूर येतो. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर चढले, आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा तेच झाले. राजारामपुरी उंचावर आहे म्हणून आम्ही बचावलो. शाहूपुरीत तळमजल्यावर राहणाऱ्या माझ्या एका बालमित्राने संचाची घोषणा ऐकूनही आपले अंक विकले नव्हते. २०१९ साली पाणी ओसरल्यावर त्याने ती पेटी उघडली तेव्हा आत सर्व अंकांचा मिळून एकच गोळा झाला होता, आणि त्या गोळ्याच्या कडेला निळा, जांभळा आणि पिवळा असे तीन रंग वेगवेगळे सुटून वाहिले होते. त्याने तो मला दाखवला. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की संच येईल तेव्हा येवो, तोपर्यंत ज्यांच्यापाशी जे अंक उरले आहेत त्यांची निदान एक यादी व्हावी. कोणत्या क्रमांकाचा मराठी अंक कोणाकडे आहे, त्याची स्थिती कशी आहे, मुखपृष्ठ शाबूत आहे की नाही, एवढी माहिती एका वहीत आली तरी उद्याच्या प्रकाशकाचे अर्धे काम झाले. हे काम अवघड आहे, अशक्य नाही. वि. स. खांडेकरांचे नियतकालिकांतून विखुरलेले, ग्रंथरूपाने कधीच न आलेले लेखन त्यांच्या निधनानंतर याच शहरातील डॉ. सुनीलकुमार लवटे यांनी जुन्या अंकांचा शोध घेत गोळा केले आणि त्यांतून अनेक खंड सिद्ध झाले. ज्ञानपीठविजेत्या लेखकासाठी जे करता येते ते लोकप्रिय चित्रकथेसाठी करण्यास कमीपणा वाटण्याचे कारण नाही. कारण ज्या मुलांनी पुढे खांडेकर वाचले त्यांतील कित्येकांनी वाचनाला प्रारंभ गल्लीच्या तोंडाशी सुतळीवर टांगलेल्या अंकापासून केला होता. १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर आपल्याकडे आहे, शिवाजी विद्यापीठाचे बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. या संस्थांनी एक कपाट आणि एक अनुभवी कर्मचारी या कामी दिला, आणि अंकांची छायाचित्रे अभ्यासासाठी जतन केली, तर पेट्या त्यांच्या दारी आपण होऊन येतील अशी माझी खात्री आहे.

मी माझ्यापुरता आरंभ केला आहे. गेल्या गुढीपाडव्याला दोनशे पानी वही आणली आणि प्रत्येक ओळीला एक याप्रमाणे एकपासून पुढे क्रमांक घातले. माझे एकेचाळीस अंक प्रथम नोंदवले. मग अण्णांनी दुकानाच्या पोटमाळ्यावरून सात काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत. मग बाईच्या पुतळ्याजवळ राहणाऱ्या एका निवृत्त परिचारिकेने, आपल्या दिवंगत भावाचे म्हणून, कापडात बांधलेले एकोणीस आणून दाखवले. ते त्यांच्याच घरी आहेत, मी फक्त टिपून घेतले. बहुतेक ओळी रिकाम्या आहेत. त्या भरतील या आशेने मी पेन्सिलीने लिहितो, म्हणजे स्थिती बदलली की खोडता येईल.

दोन ओळी मात्र मी तांबड्या शाईने भरल्या आहेत. क्रमांक १२३ आणि १२४ हे अंक टाइम्सच्या छापखान्यातील संपामुळे निघाले नाहीत आणि पुढेही कधी निघाले नाहीत. लहानपणी मी आणि शाहूपुरीचा तो मित्र या दोन अंकांसाठी सबंध एक उन्हाळा गावभर हिंडलो होतो, कारण १२२ नंतर १२३ असलाच पाहिजे याविषयी आम्हाला शंका नव्हती, आणि तो कधी छापलाच गेला नाही हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आता त्या दोन क्रमांकांसमोर मी ठळक अक्षरांत ‘निघालेच नाहीत’ असे लिहून खाली तारीख घातली आहे, म्हणजे पुढे ही वही ज्याच्या हाती जाईल तो त्यांची वाट पाहणार नाही.